लातूर ते भांडुप: हातात ४०,८७७ रुपये आणि मुंबईतले पहिले शंभर दिवस

पंचविशीतली मुलगी, लातूरला एका सीएच्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेली. अंधेरी पूर्वेला, चकाल्यात, एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी लागली. ऑफर लेटरवर आकडा वर्षाला ६,६०,००० रुपये. गाठीशी ८५,०००. रुजू व्हायची तारीख २४ जून २०२५. घरून पैसे मागायचे नाहीत, उलट दरमहा ५,००० घरी पाठवायचे, एवढं तिचं ठरलेलं. व्यक्ती नमुन्यादाखल उभी केली आहे. भाडी आणि खर्च त्या वर्षीच्या बाजारात बसतील असे धरले आहेत, कायद्याच्या बाबी आहेत तशा दिल्या आहेत.

तिने पहिला हिशोब केला तो बहुतेक जण करतात तसाच. ६,६०,००० भागिले १२ म्हणजे ५५,०००. पगाराच्या तीस टक्के भाडं चालतं असं ऐकलेलं, म्हणजे १६,५०० पर्यंत. लातूरचीच एक मैत्रीण रूम-पार्टनर म्हणून तयार होती. दोघींत भांडुपला वन बीएचके घेतलं तर वाट्याला १३,००० येत होते. कागदावर महिन्याला साडेतीन हजार वाचतच होते.

या हिशोबात दोन चुका होत्या. एक ५५,००० या आकड्यात आणि दुसरी तारखांमध्ये. दुसरी जास्त महागात पडली असती, पण आधी पहिली पाहू.

सीटीसी फोडून पाहिला तेव्हा

ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर पगाराचा तक्ता असतो. तो सही करण्याआधी ओळीओळीने वाचायचा. या तक्त्यात मूळ पगार २७,५०० होता, म्हणजे सीटीसीच्या (कंपनी तिच्यावर करणार त्या एकूण खर्चाच्या) निम्मा. दरमहा ५५,००० पैकी ५,५०० ‘व्हेरिएबल’. हे वर्षअखेरीला, कंपनीच्या आणि तिच्या कामगिरीवर मिळणार, पहिल्या वर्षी तर भरलेल्या महिन्यांपुरतंच. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३,३००, ग्रॅच्युइटीची तरतूद १,३२३, गट आरोग्य विम्याचा हप्ता ५००. हे सगळं सीटीसीत मोजलेलं, पण दरमहा बँकेत येत नाही. ते वजा जाता उरले ४४,३७७. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ आणखी ३,३०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ४०,८७७.

आयकराचा प्रश्न आला नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० च्या प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. त्यामुळे घरभाड्याच्या पावत्या जमवून एचआरए (घरभाडे भत्त्यावरची करसवलत) मागायची धडपडही तिला करावी लागली नाही, ती सवलत जुन्या प्रणालीतच आहे.

काही कंपन्या रुजू होताना विचारतात, पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापायचा की १५,००० च्या मर्यादेवर? मर्यादेवर कापला तर दोन्ही बाजू १,८०० वर येतात आणि कंपनीने उरलेला वाटा पगारात दिला तर हातात ३,००० जास्त पडतात. मोह होतो. पण महिन्याला ६,६०० रुपये हात न लावता साठतात ही एवढ्या पगारातली सर्वांत मोठी बचत आहे. ३,००० शिवाय महिना निघत असेल तर ती तशीच राहू द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या नोकरीचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असेल तर तोच द्यायचा, दुसरा काढायचा नाही.

तर ५५,००० चे ४०,८७७ झाले. आता ते कधी येतात?

चोवीस तारीख

कंपनीचं पगारपत्रक दर महिन्याच्या २० तारखेला बंद होतं. २४ जूनला रुजू झालेल्या माणसाचा जूनचा पगार त्यामुळे जुलैबरोबर येतो. म्हणजे पहिला पैसा ३१ जुलैला, ३७ दिवसांनी. जूनच्या सात दिवसांचे साधारण ९,३८५ त्यात मिळून त्या दिवशी ५०,२६२ जमा होणार. तोपर्यंत सगळं काही ८५,००० मध्ये.

एचआरला विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच: ‘पगारपत्रक कुठल्या तारखेला बंद होतं?’ तीच मुलगी १७ जूनला रुजू झाली असती तर ३० जूनला चौदा दिवसांचे १९,००० च्या आसपास हातात आले असते. जुन्या नोकरीतून सुटका आठवडाभर आधी मिळत नसेल तर गोष्ट वेगळी, पण पुष्कळदा ती तारीख मागितली तर मिळते. लोक मागत नाहीत, कारण ती तारीख पैशाची आहे हे लक्षात येत नाही. ‘रिलोकेशन अलाउन्स’ असेल तर तो आगाऊ मिळतो की बिलं दिल्यावर, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

आता थेट भांडुपला घर घेतलं असतं तर ३१ जुलैच्या आत किती लागले असते? भाडं २६,०००, अनामत १,००,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. तिच्या वाट्याला अनामतीचे ५०,०००, एजंटचे १३,०००, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं १३,०००, करारनाम्याच्या नोंदणीचे १,६५०, गादी-भांडी-बादलीपासून सगळं नव्याने १२,०००, येण्याचा आणि सामानाचा खर्च २,०००. झाले ९१,६५०. करार २४ जूनपासून, म्हणजे २४ जुलैला दुसरं भाडं, पगाराच्या बरोबर सात दिवस आधी. ते १३,०००. सदतीस दिवसांचं खाणं आणि प्रवास १३,५००. एकूण १,१८,१५०. तूट ३३,१५० रुपयांची.

ही तूट क्रेडिट कार्डावर जाते किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपवर. कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे साधारण १,१६०. आणि एकदा बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराणा घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. चांगल्या पगाराची मुलं मुंबईत वर्ष-वर्ष कार्डाच्या मागे लागलेली दिसतात, त्याचं मूळ बऱ्याचदा या पहिल्या सदतीस दिवसांत असतं. त्यांची उधळपट्टी मात्र कुठेच सापडत नाही.

म्हणून आराखडा बदलला: आधी तीन महिने पीजी (महिन्याच्या दराने भाड्याची खाट), हातात पैसा साठला की घर.

कुठे राहायचं: घर आणि प्रवास एकत्र मोजले

तीन जागा तुलनेला होत्या. ऑफिस चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, आठवड्याचे पाच दिवस, महिन्याचे २२ दिवस.

डोंबिवली पूर्वेला वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर), एकटीसाठी, भाडं ९,५००. भाड्यापुरतं पाहिलं तर याच्या जवळपासही काही नाही. पण शेअर रिक्षाने स्टेशन, तिथून जलद लोकलने घाटकोपर, पूल चढून मेट्रो, मेट्रोने चकाला. रिक्षाचे २० रुपये दोन वेळा, महिन्याचे ८८०. मेट्रोचे एका फेरीला ३० धरले, महिन्याचे १,३२०. दुसऱ्या वर्गाचा पास अडीचशेच्या आत बसतो, पण हिशोबात पहिल्या वर्गासाठी ८०० धरले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले, काहींचा जीव गेला. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून जलद गाडी पकडणाऱ्या, या गर्दीची सवय नसलेल्या माणसाने ५५० रुपये वाचवायची ही जागा नाही. वीज ७०० धरून डोंबिवलीची बेरीज १३,२००. दारापासून दारापर्यंत शंभर मिनिटं, येऊन-जाऊन दोनशे, महिन्याचे ७३ तास.

भांडुप पश्चिमेला दोघींत वन बीएचके, वाट्याला १३,००० भाडं आणि ७०० वीज. शेअर रिक्षाचे ६६०, धिम्या लोकलने तीन स्टेशनांवर घाटकोपर, पास शंभरच्या आसपास, मेट्रो तीच १,३२०. बेरीज १५,७८०. एका बाजूने पासष्ट मिनिटं, महिन्याचे पावणेअठ्ठेचाळीस तास.

भाड्यातला फरक ३,५०० चा दिसत होता, तो प्रवास मिळवल्यावर २,५८० झाला. आणि त्या २,५८० मध्ये महिन्याचे पंचवीस तासांहून जास्त मिळतात, तासाला शंभर रुपये. ज्याला संध्याकाळी अभ्यास करायचा आहे किंवा ज्याची पाठ आधीच दुखते आहे, त्याने हा दर जरूर द्यावा. ज्याच्यावर घरचं कर्ज आहे त्याने डोंबिवलीच घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही, लाखो माणसं तेच करून संसार उभे करतात. मात्र निवड या बेरजेवर करायची, भाड्याच्या आकड्यावर नाही. आमचा ठोकताळा: घर, वीज आणि प्रवास मिळून हातात पडणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत. भांडुप ३८.६ टक्क्यांवर बसतं. तीस टक्क्यांचा नियम मुंबईत लावायला गेलं तर माणूस एक तर स्वतःला फसवतो, नाही तर रोज दोन तास जास्तीचे गाडीत घालतो.

तिसरी जागा मरोळला पीजी. एका खोलीत दोघी, खाटेचे १४,५००, त्यात वीज, वायफाय, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. बेस्टची बस, किमान भाडं १० रुपये, महिन्याचे ४४०. एकूण १४,९४०, तेही जेवण धरून. अनामत फक्त एका महिन्याची, एजंट नाही. पावसात गाड्या बंद पडल्या तरी ऑफिस चालत गाठता येतं, हे जुलैत फार मोलाचं.

पीजीत कुठे गळती लागली

पीजी धरून सदतीस दिवसांचा खर्च असा झाला: अनामत १४,५००, जूनच्या सात दिवसांचे ३,४००, जुलैचे १४,५००, चादरी-बादली-छत्री असं किरकोळ सामान ३,५००, लातूरहून येणं २,०००, दुपारचं जेवण-बस-फोन-औषधपाणी ११,०००. बेरीज ४८,९००. ३१ जुलैला सकाळी खात्यात ३६,१०० शिल्लक आणि संध्याकाळी पगार, मिळून ८६,३६२. एक रुपया उसना नाही.

पुढच्या महिन्यांचा पीजीतला खर्च असा आखला: राहणं-प्रवास १४,९४०, दुपारचा डबा ९० रुपयांप्रमाणे १,९८०, चहा-दूध-फळं ९००, शनिवार-रविवारचं बाहेरचं १,८००, फोन ३५०, साबण-धुलाई-औषधं १,५००, घरी ५,०००, गावी जाण्यासाठी बाजूला १,५००, कपडे आणि फिरणं २,०००. एकूण २९,९७०. महिन्याला १०,९०७ शिल्लक पडायला हवी होती.

ऑगस्टमध्ये ३,१०० रुपये जास्त गेले आणि ते एकाच ठिकाणी गेले. पीजीतलं रात्रीचं जेवण साडेआठला वाढतात, साडेनऊला आवरतात. महिनाअखेरीला अकाउंट्सची माणसं नऊनंतरच निघतात. परत आल्यावर गार पोळ्या आणि भांड्याच्या तळाशी उरलेली आमटी. मग मोबाइलवरून जेवण मागवायचं. महिन्यात बारा-तेरा वेळा, प्रत्येक वेळी अडीचशेच्या आसपास. म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाचे पैसे दोनदा दिले गेले. यावर उपाय साधा आहे आणि पीजी घेतानाच करायचा: जेवण सोडून दर किती, हे विचारायचं, आणि वेळ जुळत नसेल तर बिनजेवणाचा दर घेऊन संध्याकाळचा डबा ऑफिसजवळच लावायचा. ते जमलं नाही तर मावशींना सांगून ताट झाकून ठेवायची सोय करून घ्यायची. तिने सप्टेंबरात तेच केलं आणि खर्च जागेवर आला.

पीजी पाहायला दुपारी जाऊ नये. रात्री साडेआठला जावं, तेव्हा जेवण दिसतं, आणि शक्य असल्यास सकाळी सातला एक चक्कर मारावी, तेव्हा न्हाणीघराबाहेरची रांग आणि नळाची धार दिसते. अनामत परत कधी आणि काय कापून, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं. ‘क्लीनिंग’चे हजार रुपये बहुतेक ठिकाणी कापतातच, तेवढे सोडून द्यावेत.

सोडायची सूचना तीस दिवसांची होती. १ ऑक्टोबरला घर घ्यायचं तर ३१ ऑगस्टपर्यंत सूचना द्यायलाच हवी. नेमकी त्या दिवशी गौरी आवाहनाला ती लातूरात होती, मराठवाड्यात महालक्ष्म्यांना घरी जायचं नाही असं होत नाही. सूचना तिथूनच मेसेजने दिली. ५ सप्टेंबरला दिली असती तर ऑक्टोबरचं पीजीचं भाडं अनामतीतून गेलं असतं.

सप्टेंबरातलं घर

मुंबईत भाड्याची घरं दोन-चार आठवडे आधीच बाजारात येतात, दोन महिने आधी पाहून उपयोग नसतो. ८ ते २१ सप्टेंबर पितृपंधरवडा. या पंधरा दिवसांत पुष्कळ लोक घर बदलत नाहीत, टोकनही (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देत नाहीत. ज्याला त्याचं बंधन वाटत नाही त्याच्यासाठी घासाघीस करायला वर्षातला हा सर्वांत चांगला काळ. २७,००० सांगितलेलं घर २६,००० ला ठरलं ते याच दिवसांत. अकरा महिन्यांत दोघींचे मिळून ११,००० वाचले.

पावसाळ्यात घर पाहण्याचा दुसरा फायदा ओल दिसते हा. कपाट भिंतीपासून बोटभर पुढे ओढायचं आणि मागे मोबाइलची बॅटरी मारायची. रंगाला फुगे आले असतील, बोटाने दाबल्यावर पापुद्रा सुटत असेल, कोपऱ्यात काळपट ठिपके असतील तर ती भिंत गळते आहे. दिवाळीनंतर तीच भिंत रंगवून गोरीगोमटी दिसते आणि पुढच्या जूनमध्ये कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. या घरात बेडरूमची पश्चिमेची भिंत तशी निघाली. घर नाकारलं नाही, पण खाटा हॉलमध्ये आणि कपाट आतल्या भिंतीला लावायचं ठरलं, आणि भिंतीचे फोटो तारखेसह मालकाला पाठवून ठेवले. जाताना रंगाचे पैसे अनामतीतून कापायला निघाले तर हेच फोटो कामाला येतात.

मागच्या सहा महिन्यांची वीजबिलं मागून घेतली. भांडुपला महावितरण आहे. तिथे १०० युनिटांच्या वर गेलं की दर एकदम चढतो, म्हणून वीज किती लागते हे आधीच्या भाडेकरूच्या बिलावरून कळलेलं बरं. मीटर आणि महानगर गॅसच्या वाचनाचे फोटो किल्ली घेण्याच्या दिवशीच काढायचे, थकबाकी कोणाची हा वाद मिटतो.

करारनामा. लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करून टाकू, नोटरी पुरे’ असं एजंट म्हणाला तर ऐकू नये. मुद्रांक शुल्क किती? एकूण भाडं आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. इथे २६,००० गुणिले ११ म्हणजे २,८६,०००, व्याज ९,१६७, बेरीज २,९५,१६७, शुल्क ७४० च्या आत. नोंदणी फी शहरात १,०००. उरलेला खर्च ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्याचा. सगळं धरून ३,३००, वाट्याला १,६५०. याहून फार जास्त कोणी मागत असेल तर ही मांडणी त्याच्यासमोर ठेवावी.

करारात दोघींचीही नावं लायसन्सी, म्हणजे घर वापरायला घेणाऱ्या, म्हणून घातली. एकीच्याच नावावर करार आणि दुसरी ‘तशीच’ राहते, यात दुसरीला अनामत मागायला कागद राहत नाही. अनामत दोघींनी आपापल्या खात्यातून पाठवली आणि दोन्ही रकमा करारात वेगवेगळ्या लिहून घेतल्या. लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती) सहा महिन्यांचा मागत होते, तीनवर आणला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाला द्यावी लागते, तिची पोच सोसायटी मागते. सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क (तो स्वतः तिथे राहत नाही म्हणून) घेते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत. ते मालकाचं देणं आहे, ‘मेंटेनन्समध्ये थोडं अॅड करा’ म्हणून भाडेकरूच्या गळ्यात येत असेल तर भाडं ठरवतानाच बोलून घ्यावं.

पैशाची बाजू अशी राहिली. ऑगस्टची जादा गळती धरून ३० सप्टेंबरचा पगार जमा झाल्यावर खात्यात १,०५,०७६. त्यातून अनामत ५०,०००, एजंट १३,०००, भाडं १३,०००, नोंदणी १,६५० आणि सामान ९,०००. सामानात गादी २,८००, जुना फ्रिज निम्म्यात ३,०००, कुकर-भांडी २,२००, इतर १,०००. शेगडी आणि गॅसची पाइपलाइन घरात होती. जूनमध्ये लागले असते त्याहून सामान ३,००० ने स्वस्त पडलं, कारण तीन महिने शहरात राहिल्यावर घर सोडून जाणाऱ्यांकडून वस्तू मिळतात. शिल्लक १८,४२६. दहा दिवसांनी पीजीची अनामत हजार कापून १३,५०० आली, शिल्लक ३१,९२६.

ऑक्टोबरपासूनचा महिना

भाडं १३,०००
वीज ७००, गॅस २५०, इंटरनेट ३००
भांडी-लादीच्या मावशी, वाट्याचे १,२५०
प्रवास २,०८०
किराणा-भाजी-दूध ४,२००, बाहेरचं १,५००
फोन ३५०
साबण-धुलाई-औषधं १,५००
घरी ५,०००
गावी जाणं १,५००
कपडे, फिरणं २,०००
पुढच्या घरबदलासाठी बाजूला १,५००

बेरीज ३५,१३०, शिल्लक ५,७४७. पीजीपेक्षा महिन्याला पाच हजारांनी महाग, हे झाकण्यात अर्थ नाही. स्वतःचं स्वयंपाकघर, दार लावून घेता येईल अशी खोली आणि रविवारी आईला राहायला बोलावता येणं, यासाठी ते पाच हजार आहेत. ज्याला हे नको असेल त्याने वर्षभर पीजीतच राहावं, पैसा साठतो.

किराणा ४,२०० मध्ये बसतो तो लातूरच्या डाळीवर. महालक्ष्म्यांहून परतताना पाच किलो तूरडाळ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी बरोबर आली होती. फक्त ज्वारीचं पीठ आणू नये. मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांत त्याला जाळी धरते. ज्वारी आणावी आणि दोन-दोन किलो गिरणीतून दळून घ्यावी. डाळही डब्यात भरण्याआधी एकदा कडक उन्हात किंवा कोरड्या कढईत तापवून घ्यावी.

गावी जाण्याचे १,५०० दरमहा वेगळे का? रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २१ ऑक्टोबरच्या लक्ष्मीपूजनासाठी तिकीट काढायचं ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा हातात पैसे नसले की दिवाळीच्या तोंडावर खासगी बसच्या वाढलेल्या दराने जावं लागतं आणि दोन महिन्यांची बचत एका रात्रीत संपते. लोकलच्या पासाचंही तसंच: तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट दराने मिळतो, वर्षाचा १०.८ पट. घर पक्कं झाल्यावर लांबचा पास घ्यावा, आधी नाही.

हे ३१,९२६ कशासाठी

‘सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी’ हा सल्ला बरोबर आहे, पण ५,७४७ रुपयांनी ती साठायला वर्षानुवर्षं लागतील. तोवर या घरातला सर्वांत संभाव्य धोका कोणता हे पाहावं, आणि तो आजारपण किंवा नोकरी जाणं हा नाही. रूम-पार्टनर जाणं हा आहे. लग्न ठरतं, बदली होते, पुण्याला नोकरी लागते. ती गेली की नवी मिळेपर्यंत २६,००० एकटीने भरायचे. मुंबईत नवी पार्टनर मिळायला महिना-दोन महिने धरावेत. दोन महिन्यांचा जादा वाटा २६,०००. ३१,९२६ मधून ऑक्टोबरचा भाडं सोडून उरलेला २२,१३० चा खर्च गेला की ९,७९६ राहतात, ते त्यासाठी वेगळ्या, कार्ड न घेतलेल्या खात्यात. त्यात दर महिन्याची शिल्लक मिळवत जायची, म्हणजे जानेवारीअखेर २६,००० भरतात, आणि व्हेरिएबल आलं की सगळं तिथेच.

दोघींनी आपसात साध्या कागदावर लिहून सह्या केल्या: जाणारीने ४५ दिवस आधी सांगायचं, नवी पार्टनर शोधायची जबाबदारी जाणारीची, तिची अनामत येणारीने द्यायची, फ्रिज राहणारीकडे ठेवून निम्मे पैसे वापरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने परत. मैत्रिणीशी असा कागद करायला संकोच वाटतो. पण मैत्री टिकवण्यासाठीच तो करायचा असतो, आणि घर घेताना दोघी खुशीत असतात तेव्हाच करायचा.

करार ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतो. मुदत संपूनही राहिलं तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते, म्हणून ती तारीख दोघींच्या मोबाइलमध्ये आहे, आणि १ जुलैचीही, त्या दिवशी मालकाला विचारायचं: पुढे चालू ठेवायचं का, भाडं किती वाढवणार. नूतनीकरणाला एजंट पुन्हा महिन्याचं भाडं मागेल. ते देणार नाही असं टोकन देतानाच त्याच्याशी व्हॉट्सअॅपवर ठरवून घेतलं आहे. मालकाने दोन हजारांहून जास्त वाढ मागितली तर घर बदलायचं. एजंट, नोंदणी आणि टेम्पोचा अर्धा वाटा मिळून साधारण १६,६५० लागतील, आणि महिन्याला १,५०० बाजूला पडत असल्याने तोवर १६,५०० जमा असतील.